निळा साचा, क्रमांक सात

३ जून

ताई,

तीन वर्षांनी लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत विंच येतोय. आधी तुझ्या गुडघ्याबद्दल विचारायला हवं होतं. तशी दोन पत्रं लिहून पाहिली, पण वाचताना मलाच कळत होतं की ही बाई गुडघ्यावरून निघून कुठे पोचणार आहे. फाडून टाकली.

काल पुलापलीकडच्या मॉडेलच्या दुकानात महिन्याचा माल द्यायला गेले होते. दुकानदाराने खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"मॅडम, हे तुमचंच ना? नवीन लेबल काढलंत की काय?"

आत आपला विंच होता, दोर ओढायच्या यंत्राचं ते इवलं मॉडेल. बाबा ज्याच्यामागे सव्वीस वर्षं उभे राहून टगबोटीचे दोर ओढत होते, तो. तू कोरलास, मी साचा करून रेझिनमध्ये ओतला, आणि आपल्या मालात सगळ्यात जास्त खपला तोही हाच. मी तो उलटा करून भिंगाखाली धरला. तळाच्या पट्टीवर सात रिव्हेटं आणि आठव्याच्या जागी नुसता सपाट भाग. आठवतं? तू कोरत होतीस तेव्हा मी विचारलं होतं, "हे एक राहिलं का गं?" आणि तू म्हणाली होतीस, "राहू दे. आपली ओळखीची खूण." ती खूण तुला, मला आणि भिंग लावून बसणाऱ्या चार-दोन गिऱ्हाइकांनाच ठाऊक आहे.

"कुणी दिलं हे?"

"कुरिअरने आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत चिठ्ठी होती, की प्रदर्शनात एकोणीस नंबरच्या टेबलावर मिळेल."

माल वाईट आहे, हेही सांगते. बूड फेसाळलेलं, हँडलच्या टोकाला बुडबुडा, आणि हँडल तर चक्क वाकडं. रेझिन पुरतं घट्ट व्हायच्या आत नग ओढून काढला की असं होतं. ज्याने हे ओतलं त्याला ओतता येत नाही. लेबल मात्र हाताने कापलेलं आहे आणि उजवीकडे उतरत गेलेलं आहे. तुला सरळ कागद कधीच कापता आला नाही. शाळेत तुझ्या वह्यांना कव्हरं मी घालायचे, मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान असून.

मी आरोप करत नाही. विचारते आहे. हे तू केलंस का? एका ओळीचं उत्तर पुरे.

तुझी
मोजपट्टी

(हे नाव तूच ठेवलंस. सही करताना दुसरं काही लिहावं असं वाटेना.)


१० जून

ताई,

उत्तर नाही. पत्र उशिरा पोचलं असेल. किंवा वेळेवर पोचलं असेल.

मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळाच्या कार्यवाहांना फोन करून एकोणीस नंबरचं टेबल कुणाचं ते विचारलं. त्यांनी यादी पाहिली, घसा खाकरला आणि म्हणाले, "अहो, तुमच्या ताईंचंच आहे की. तुम्हाला माहीत नाही?" मी म्हटलं, "माहीत आहे, खात्री करत होते." असं मी का म्हटलं असेन? आपण बोलत नाही हे परक्याला कळू नये म्हणून, की मी तेव्हाच पुरावे गोळा करायला लागले होते म्हणून? दोन्ही असेल.

मग मी मोजलं.

तुला आठवत असेल, सुरुवातीला हे मीच तुला समजावून सांगितलं होतं. साच्याचं रबर वाळताना किंचित आकसतं, रेझिनही आकसतं. त्यामुळे साच्यातून निघालेला नग मूळ कोरलेल्या नगापेक्षा केसभर लहान असतो. त्या ओतलेल्या नगावरून कुणी पुन्हा साचा केला, तर त्यातून निघणारा त्याहून लहान. "म्हणजे दर पिढीला आपण थोडे बुटके होत जाणार," असं म्हणून तू तासभर हसत होतीस. आणि म्हणूनच नक्कल पकडायला कॅलिपर पुरतो. नक्कल लहान निघते.

हा विंच आपल्यापेक्षा लहान निघेल असं धरून मी चालले होते. माझा ३५.४ मिलिमीटर. हा ३५.७. मोठा, ताई. चार वेळा मोजला. हात धुऊन, कॅलिपरचे जबडे पुसून पुन्हा मोजला. ज्यावरून नक्कल केली त्याच्यापेक्षा नक्कल मोठी होऊच शकत नाही. म्हणजे हा माझ्या विकलेल्या नगावरून केलेला नाही. जुन्या निळ्या साच्यातून निघालेला आहे, तू कोरलेल्या मूळ नगावर जे साचे घेतले होते त्यांतल्या एखाद्यातून.

मी वही काढली. 'विंच, निळे रबर' या नावाखाली माझ्या अक्षरात सात साचे लिहिलेले आहेत. कपाटात सहा आहेत.

वेगळं होताना तू स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतंस, की मूळ नग आणि साचे माझ्याकडे राहतील आणि तू त्यांतून काही ओतणार नाहीस. मंडळाचा सहावा नियम तुला पाठ असेल. दुसऱ्याच्या नगावरून किंवा साच्यातून माल काढला तर प्रदर्शनातलं टेबल काढून घेतात आणि नाव नोटीस बोर्डावर लागतं. नियमाला दुसराही भाग आहे, त्याचा इथे संबंध नाही.

कार्यवाहांनी तक्रारीचा फॉर्म पाठवला आहे. वीस तारखेच्या आत द्यायचा. प्रदर्शन अठ्ठावीसला. तू नोकरी सोडलीस आणि आता याच्यावरच भागवतेस, असं ऐकलं. ते खरं असेल तर टेबल जाणं म्हणजे काय, हे मला समजतं. म्हणूनच आधी तुला लिहिते आहे. सातवा साचा परत पाठव, मी फॉर्म फाडून टाकते.

मोजपट्टी


१८ जून

ताई,

परवा तुझे मेव्हणे म्हणाले, "तुला दुःख नेमकं कशाचं आहे? साचा चोरल्याचं, की ताईंचा विंच तुझ्यापेक्षा मोठा निघाल्याचं?"

मी म्हटलं, "चेष्टा करू नका."

"चेष्टा कुठे? डब्यातली साखर खाली गेली तरी तू तीन वर्षांपूर्वी इथून गेलेल्या बाईचं नाव घेशील."

त्यांना सगळं माहीत नाही. तू बाथरूममध्ये असताना मी तुझी पर्स उघडली होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं आपण बाबांच्या आजारपणावरून भांडलो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. बाबांची चित्रांची वही फळीवर नव्हती आणि तू तेवढ्यात घरी येऊन गेली होतीस. टगबोटीचा प्रत्येक भाग त्यांनी ज्या वहीत काढला होता ती वही. दुसऱ्यांदा आलीस तेव्हा मी पर्स उघडली. तुझा रुमाल, गोळ्यांची पट्टी, एक अर्धवट विणलेलं काहीतरी. तू दारात टॉवेल घेऊन उभी होतीस.

"सापडलं?" एवढंच विचारलंस.

मी त्यावर काय बोलले, मला खरंच आठवत नाही. रोजनिशीत त्या दिवशी लिहिलं आहे, 'ताई येऊन गेली. वही मिळाली नाही.' बाकी काही नाही. तेव्हाही मी मुद्द्याचंच लिहून ठेवलं, बघ.

वही पुढे सापडली. कुठे ते आता महत्त्वाचं नाही.

हे सगळं लिहिते आहे ते यासाठी, की एकदा चुकले म्हणून प्रत्येक वेळी चुकेनच असं नाही. या वेळी माझ्याकडे आकडे आहेत. आठ दिवस वाट पाहिली. तुझ्या गल्लीच्या टोकाशी येऊन उभीही राहिले. वरच्या खिडकीत दिवा होता, आणि खिडकीच्या कठड्यावर प्लास्टिकचे पांढरे पेले उपडे घालून ठेवले होते, ओळीने. रेझिन मिसळायचे पेले. ते पाहून मी तिथूनच मागे वळले. वर आले नाही.

काल फॉर्मवर सही केली. तिथे जसं लिहिलं तसंच इथे लिहिते, म्हणजे पाठीमागे बोलले असं होणार नाही: 'निळे साचे सात होते, पैकी एक माझ्या ताब्यात नाही. सदर नगावर आमची खूण आहे. सदर नग आमच्या सध्याच्या मालापेक्षा मोठा आहे, यावरून तो मूळ साच्यातील असल्याचे सिद्ध होते.'

सही नेहमीसारखीच सरळ आली. याचीच जरा भीती वाटली.

मोजपट्टी


२२ जून

ताई,

हे पत्र तुला पाठवावं की नाही, ते लिहून झाल्यावर ठरवीन.

कार्यवाह चिकित्सक माणूस आहे. म्हणाले, "खूण तुमचीच कशावरून? त्या बोटीवरच्या खऱ्या विंचचा फोटो आणा. तिथे आठ रिव्हेटं असतील, तर सातची खूण कोरणारीची, हे पक्कं होईल. मग बोलायलाच नको." मला ते पटलं. मी असते तरी हेच मागितलं असतं.

टगबोट गोदीच्या मागच्या अंगाला काढून ठेवली आहे, भंगारात जायची वाट बघत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "आलात परत? त्या दिवशी सांगितलं ना, शिडी गंजली आहे, जपून चढा."

"मी पहिल्यांदाच येते आहे."

त्याने चष्मा नाकावर खाली ओढून माझ्याकडे बघितलं. "काय सांगता! जानेवारीत चार दिवस बसला होतात की विंचपाशी. पट्टी, दोरा, कागद, सगळा संसार मांडून. मी चहा आणून दिला. गुडघा दुखतोय म्हणून तुम्हाला खोकं दिलं बसायला."

"ती माझी बहीण."

"अच्छा. तरीच. चेहरा तोच आहे. पण त्या हसत होत्या."

वर चढले. लहानपणी तू बाबांबरोबर जायचीस, मला बोट लागायची म्हणून मी कधी गेले नाही. तो विंच मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हजारभर ओतून विकले असतील मी. वाकून तळाची पट्टी पाहिली. सात रिव्हेटं. आठव्याच्या जागी भोकही नाही, नुसता सपाट पत्रा. बनवतानाच राहिलेलं असणार.

म्हणजे ती खूण तुझी नव्हतीच. मला वाटायचं तू ती चोर पकडायला ठेवली आहेस. तू नुसतं जे होतं ते कोरलं होतंस. मी तेव्हा नीट विचारलं असतं तर सांगितलं असतंस, की "एक राहिलं का गं?" या माझ्या सुरातच तपासणी होती?

आणि हँडल वाकलेलं आहे. डावीकडे, टोकापासून जरा खाली. मी त्याच्यामागे उभी राहिले, बाबा उभे राहायचे तशी. दोर ताणला जाईपर्यंत वाट बघताना माणूस कुठे रेलेल? माझं डावं कोपर बरोबर त्या वाकलेल्या जागेवर जाऊन टेकलं.

फोटो काढला नाही. पहारेकरी खालून ओरडत होता, "बाई, बरं वाटतंय ना?"

मो.


२४ जून

ताई,

मागचं पत्र पाठवलं नव्हतं. त्याच्यासोबत हे पाठवते आहे.

काल दिवसभर दोन्ही विंच समोर ठेवून बसले. दहा तारखेला मी फक्त लांबी मोजली होती. एकच आकडा. माझ्या मनात होतं ते त्या एका आकड्यात बसलं आणि मी थांबले. बाबा म्हणायचे, हिला मोजायला सांगा, चुकायची नाही. मोजण्यात चुकत नाही मी. कधी थांबायचं त्यात चुकते.

काल सगळं मोजलं. दोन्ही नग एकाच मुळातून आले असतील, तर त्यांत एकच फरक असायला हवा. एक शेकडा एकने मोठा असेल, तर त्याचं प्रत्येक माप शेकडा एकनेच मोठं हवं. ड्रमचा व्यास, दात्यांमधलं अंतर, पायांची जाडी, सगळं. रबर आकसताना तरतमभाव करत नाही. तुझ्या विंचवर पहिल्या आणि दुसऱ्या रिव्हेटातलं अंतर माझ्यापेक्षा मोठं आहे. तिसऱ्या-चौथ्यातलं लहान आहे. ड्रम तंतोतंत तेवढाच. पाय जाड. आणि हँडलचा बाक म्हणजे ओढताना झालेली वाकडतिकड नाही. बाकाच्या आतल्या बाजूला कानशीचे बारीक ओरखडे ओतीव नगातसुद्धा उतरले आहेत. तू तो कोरलेला आहेस. पुन्हा, पहिल्यापासून, चार दिवस त्या खोक्यावर बसून घेतलेल्या मापांनी. माझ्याकडचं काहीही न घेता.

आता राहिला प्रश्न मोठा का निघाला, याचा. तू इथपर्यंत वाचलं असशील तर तुला कळलंच असेल. खरा विंच एक मीटर त्र्याहत्तर. अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याने मूळ नग छत्तीस मिलिमीटर, तुझा जुना आणि तुझा नवा दोन्ही. छत्तिसावरून पहिल्या साच्यातून निघतो तो ३५.७. तुझा बरोबर आहे.

माझा ३५.४ का आहे, हे मी अडीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. रोजनिशीलाही नाही.

तू गेल्यावर पाच महिन्यांनी निळे साचे फाटायला लागले. चाळीसेक नग काढले की रबर कडांना जातंच. मी तुझा मूळ नग काढला आणि नवा साचा घ्यायला बसले. पहिला अर्धा भाग ओतला, घट्ट झाला, चौकट पालथी केली आणि दुसरा अर्धा ओतला. मधल्या पृष्ठभागावर व्हॅसलिन लावलं नाही. रबराला रबर धरतं, दुसरं काही नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवते, आणि मीच विसरले. त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं तेही सांगते. त्याच सकाळी रेझिनच्या डब्यांमागे बाबांची वही सापडली होती. दमट हवा लागू नये म्हणून मीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती, आणि साफ विसरले होते.

दुसऱ्या दिवशी चौकट उघडली तर दोन भाग नव्हतेच. एक निळी वीट, आत तुझा विंच. ब्लेडने कापत गेले. ब्लेड घसरलं आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज हाताला कळला. मग मी कापायची थांबले. वीट कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात टाकली. आपल्या काचेच्या कपाटातला एक ओतीव नमुना घेतला, घासून स्वच्छ केला आणि त्याच्यावर साचा घेतला. तेव्हापासून मी विकते आहे ती नकलेची नक्कल. लेबलावर मात्र तेच छापलेलं आहे, 'मूळ नगावरून'.

सातवा साचा म्हणजे ती निळी वीट. ओतण्याच्या आधीच मी वहीत नोंद केली होती, व्यवस्थित, शाई वाळेपर्यंत थांबून. 'विसरले होते' असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, दहा तारखेला सहा मोजताना माझी नजर वरच्या कप्प्यावर गेली होती. आणि परत आली होती.

सहाव्या नियमाचा दुसरा भाग असा आहे: ओतीव नगावरून केलेला माल मूळ नगावरून म्हणून विकणाऱ्याचंही टेबल काढून घेण्यात येईल.

सुनावणी प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आहे. तुलाही बोलावणं गेलं आहे. तू ये. तुला काही बोलावं लागणार नाही.

मोजपट्टी


२९ जून

ताई,

काल तू तिथे होतीस, तरी लिहिते. तुझ्याकडे बघून मला काही बोलता आलं नाही आणि तू भिंतीकडे बघत होतीस.

तू आत यायच्या आधी काय झालं ते तुला माहीत नाही. मी तक्रार मागे घेते म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं. कार्यवाहांनी पेन खाली ठेवलं.

"अकरा दिवसांपूर्वी तुम्हीच सहीनिशी सांगितलंत की साचा चोरला. आज म्हणता चोर मीच. उद्या काय म्हणाल?"

"उद्याही हेच."

"घरात समेट झाला असेल तर आनंद आहे," पलीकडचे आगगाड्यांचे मॉडेल करणारे गृहस्थ म्हणाले, "पण बहिणीला वाचवायला तुम्ही खोटं कशावरून बोलत नाही?"

मला हसू आलं. संशय कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको, आणि त्यांचा संशय अगदी रास्त होता. मी पिशवीतून कापडाचं गाठोडं काढलं. तेव्हा त्यांनी तुला आत बोलावलं.

वीट मी त्यांच्यासमोरच कापली. अडीच वर्षांपूर्वीच्या चिरेतून पुढे. या वेळी ब्लेड घसरलं नाही. दोन्ही बाजू दाबून उघडल्यावर विंच दिसला. ड्रम शाबूत, हँडल मुळातून तुटलेलं, सरळ, तू पहिल्यांदा कोरलेलं. आगगाडीवाल्यांनी भिंग लावून बघितलं आणि कॅलिपर मागितला. छत्तीस.

तू पुढे झालीस, विटेच्या कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलंस, बोट नाकाशी नेलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "व्हॅसलिन?"

मी मान हलवली.

"तू?"

आगगाडीवाले इतके मोठ्याने हसले की बाहेरची माणसं आत डोकावली. ते हसले म्हणून माझी सुटका झाली, नाहीतर मी तिथेच रडले असते.

निकाल तू ऐकलास. तुझं टेबल राहिलं. माझं दोन प्रदर्शनांसाठी गेलं, आणि विकलेल्या पाकिटांबद्दल नोटीस मीच लिहायची आहे. लिहिली. दुकानदाराला सकाळीच दिली. तो वाचून म्हणाला, "मॅडम, हे न सांगता कुणाला कळलं असतं?" कुणालाच नाही. मी त्याला तसंच सांगितलं.

माझं सामान बांधून झाल्यावर मी एकोणीस नंबरपाशी आले. रांग होती, रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर तू टेबलाखालून तुझी पर्स काढलीस, चेन पूर्ण उघडून माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस, "घे. बघून घे." मागे दोघं-तिघं उभे होते. मी निघून गेले. ते माझ्या वाट्याचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

फक्त एक कळलं नाही. विटेचे दोन्ही तुकडे आणि आतला विंच तू घेऊन गेलीस. कार्यवाहांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तिचाच आहे. पण त्याचं तू काय करणार आहेस? हे विचारायचा मला हक्क नाही, तरीही प्रश्न सुटत नाही, यावरून माझी कितपत सुधारणा झाली ते बघ.

बाबांची वही सोबत पाठवते आहे. पाठवायला तीन वर्षं लागली.

मोजपट्टी


१४ जुलै

ताई,

तुझं कार्ड काल आलं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यावर चारच शब्द. 'हँडलला बुडबुडे का येतात?'

ते हातात घेऊन मी किती वेळ बसले ते सांगत नाही. आधी वाटलं टोमणा आहे. पहिल्या पत्रात मी तुझ्या मालाला नावं ठेवली होती, त्याची परतफेड. मग वाटलं परीक्षा आहे, मी उपदेश करायला लागते का ते बघण्यासाठी. तुझे मेव्हणे माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाले, "अगं, बाईंना बुडबुडे येताहेत. सांगून टाक."

तर सांगते. चिडवायला विचारलं असशील तर चिडव.

तुझ्या नगात दोन तऱ्हेचे बुडबुडे आहेत. बुडाशी आहे तो फेस, तो दमट हवेने येतो. तुझे पेले खिडकीत असतात. तिथून काढ, घरात झाकून ठेव, आणि रेझिनचा डबा उघडा राहू देऊ नकोस. एक थेंब पाणी लागलं तरी ते फसफसतं. हँडलच्या टोकाशी आहे तो मात्र अडकलेल्या हवेचा. टोक साच्यात वर राहतं आणि हवा वर जाऊन तिथेच बसते. साचा घेताना टोकापासून काडीएवढी वाट बाहेर काढून ठेव, हवा तिकडून जाईल. ओतायच्या आधी साच्यात टाल्कम पावडर घालून झटकून टाक, म्हणजे रेझिन कोपऱ्यांत धावतं. बारीक धारेने, एकाच बाजूने ओत. ओतल्यावर साचा हातात धरून हलकेच दाब, उशी दाबतो तसा, मग टेबलावर दोन-तीनदा आपट. घट्ट व्हायला पुरता अर्धा तास दे. तू दहा मिनिटांत उघडत असणार, तुला कधी धीर नव्हता.

दोन भागांच्या मध्ये काय लावायचं ते मी सांगायला नको.

हँडलचा बाक आहे तसाच राहू दे. कुणी गिऱ्हाईक म्हणालं की हँडल वाकडं आलंय, तर बदलून देऊ नकोस.

जमलं नाही तर एक नग पाठव, पाहून सांगते. मोजणार नाही असं वचन देत नाही, ते मला पाळता येणार नाही. मोजीन. फक्त मोजायच्या आधी तुला विचारीन.

गुडघा कसा आहे?

तुझी
मोजपट्टी